बंद चुलीचा भार

डाळ शिजायला टाकण्याआधी कालिंदीबाईंनी फ्रिजचं बटण बंद केलं, मग पंख्याचं, आणि मगच इंडक्शन शेगडी सहाशे वॅटवर लावली. हा क्रम हातात इतका मुरला होता की मागे दारात मुलगी उभी आहे, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

"आई, फ्रिज कशाला बंद केलास?"

"डाळ होईपर्यंत. आतला गारवा टिकतो तेवढा वेळ."

"आणि पंखा?"

"शेगडी चालू असताना पंखा नकोच असतो."

"इंडक्शनला ज्योत असते का विझायला?" ऋजुतानं विचारलं.

कालिंदीबाईंनी मान वळवून पाहिलं. दाराशेजारच्या पट्टीवर हिरवे आकडे होते, शून्य पूर्णांक एकसष्ट. पाऊण किलोवॅटला ते लाल होतात, टिंग असा आवाज येतो आणि घरात त्या क्षणी जे सर्वांत जास्त वीज ओढत असेल ते बंद पडतं. ऋजुता सकाळी दहाला पुण्याहून आली होती. साडेदहाला तिनं एसी लावला आणि दहा पस्तीसला टिंग झालं. नाशिकमध्ये एप्रिलचा दुसरा आठवडा होता, बाहेर एक्केचाळीस अंश. ऋजुताला आठवा महिना होता. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ती आली होती.

"तू वर्षभर अशी राहतेस?"

"एकटीला लागतं किती गं."

ऋजुता ओट्याला टेकली. एक हात पोटावर, एक कमरेवर. "बाळाला अंघोळ कशी घालणार? गीझर लागेल?"

गीझर दोन किलोवॅटचा होता. कालिंदीबाईंनी हा हिशोब गेल्या महिन्यात केला होता, तीन वेळा, आणि तिन्ही वेळा उत्तर तेच आलं होतं. त्यांनी झाकण उचलून डाळ ढवळली. डाळीला अजून आधणही आलं नव्हतं.

*

औदुंबर सोसायटी बांधली तेव्हा चाळीस घरांना दीडशे किलोवॅट पुरेसे वाटले होते, आणि ते वाटणं चूक नव्हतं. एका घरातली सगळी उपकरणं एकदम चालवली तर आठ किलोवॅट होतात. चाळीस घरांचे झाले तीनशे वीस. पण चाळीसही घरं सगळं एकदम कधीच चालवत नाहीत. एकाकडे गीझर चालू असतो तेव्हा दुसरा झोपलेला असतो आणि तिसरा गावाला गेलेला. वीजअभियंते पिढ्यान्‌पिढ्या याच विस्कळीतपणावर विसंबून छोटे ट्रान्सफॉर्मर बसवत आले. माणसं एका वेळी एकसारखी वागत नाहीत, एवढ्या एका गोष्टीवर शहरं उभी होती.

विजेच्या गाड्यांनी ते मोडलं. गीझर दहा मिनिटं ओढतो आणि थांबतो. गाडी सहा-सहा तास सलग ओढते, आणि सगळ्यांच्या गाड्या संध्याकाळी सातच्या सुमारासच घरी येतात. पेट्रोलच्या नव्या गाड्यांची नोंदणी थांबली, गॅसचे सिलिंडर त्याआधीच गेले होते, आणि मोठ्या ट्रान्सफॉर्मरसाठी शहरात आठ वर्षांची रांग लागली. तेव्हा समभार नावाचं यंत्र आलं. जिन्याखालची करड्या रंगाची उभी पेटी. लोक तिला पेटीच म्हणत.

पेटी विस्कळीतपणावर विसंबत नसे. ती आधी महिनाभर प्रत्येक घराची वीज सेकंदासेकंदाला मोजायची. त्या महिन्यात पंधरा मिनिटं टिकलेली सर्वांत मोठी मागणी, ती त्या घराची कमाल. त्याच्या वर घर जाऊ शकत नाही. घरं नक्की वापरणार नाहीत अशी जी वीज उरली, ती सगळी तळमजल्यावरच्या गाड्यांच्या चार्जिंग पॉइंटांना. हा करार सात वर्षांचा.

औदुंबरमध्ये पेटी बसवली ती कालिंदीबाईंनी. वीजवितरणात एकतीस वर्षं त्या लोड मंजुरीच्या टेबलावर होत्या. निवृत्तीनंतर सोसायटीनं त्यांनाच गळ घातली. नियम त्यांनी लिहिले, कोष्टक त्यांनी केलं. मापनाच्या महिन्यात लोक काय करतील हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून लिफ्टमध्ये त्यांनी स्वतःच्या अक्षरात सूचना लावली होती, 'नेहमीसारखे वागा.' तरी तीनशे चारमधले लोक गीझर लावून ठेवून कपाटातल्या जुन्या साड्यांना इस्त्री करत बसले. कमाल जितकी मोठी तितकी सात वर्षं चैन. सात वर्षं कमाल वाढवता येणार नाही, हा नियमही कालिंदीबाईंचाच. नाहीतर रोज कुणीतरी दारात उभं राहिलं असतं.

मापन चार तारखेला सुरू झालं, त्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी कालिंदीबाईंचे यजमान श्रीधरपंत वर्तमानपत्र वाचता वाचता खुर्चीतच गेले.

"मॅडम, मोजणी पुढे ढकलू या का?" सोसायटीचे सेक्रेटरी कुलथे यांनी चौथ्या दिवशी विचारलं होतं. कालिंदीबाई नको म्हणाल्या होत्या. पंधरा जणांच्या गाड्या ताटकळल्या होत्या. शिवाय ढकलायची तर कोष्टकात कारण लिहावं लागलं असतं.

तेरा दिवस त्या घरात चूल पेटली नाही. समईशेजारी विजेचा एक दिवा असायचा. मग ऋजुता पुण्याला गेली, आणि उरलेला अर्धा महिना कालिंदीबाईंनी दूध तापवण्यापलीकडे काही केलं नाही. महिना संपला तेव्हा पेटीनं फ्लॅट दोनशे तीनपुढे आकडा लिहिला, शून्य पूर्णांक पंच्याहत्तर. आकड्यापुढे शेऱ्याचा रकाना होता. 'हा महिना या घराचा नेहमीचा नव्हता,' एवढं लिहिलं असतं तरी पुन्हा मोजणी झाली असती. कालिंदीबाई त्या रकान्यापाशी बराच वेळ थांबल्या होत्या. 'कारण' असं विचारलं होतं तिथे. त्यांनी रकाना कोरा ठेवला आणि खाली सही केली.

त्याला आता चौदा महिने झाले होते.

*

"नियम तुमचाच आहे, मॅडम," कुलथे म्हणाले. त्यांनी चहा पुढे केला आणि स्वतःचा कप हातातच धरून ठेवला. "मी तुम्हाला काय समजावणार?"

"मला फक्त हिशोब पुन्हा बघायचा होता."

"बघा ना."

हिशोब पाठ होता. दीडशेतून लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांचे पंधरा गेले. उरले एकशे पस्तीस. चाळीस घरांच्या कमाल मागण्यांची बेरीज शहाण्णव. उरले एकोणचाळीस. एका पॉइंटला तीन पूर्णांक दोन लागतात, म्हणजे बारा पॉइंट, आणि थोडं तळाशी उरतं. दोनशे तीनला इतरांसारखे अडीच द्यायचे तर पॉइंट अकराच उरतात.

"बारावा बोरस्तेंचा," कुलथे म्हणाले. "भास्करची टॅक्सी. पहाटे चारला विमानतळाचं भाडं असतं त्याचं. त्यानं लिहून दिलं, मी पॉइंट सोडतो, तर प्रश्नच मिटला. विचारू का मी?"

"नको."

"त्यानं नाही म्हटलं तर तुम्हाला ते तरी कळेल."

"तो नाही म्हणणार नाही, कुलथे. म्हणूनच नको."

श्रीधरपंतांना खांदा देणाऱ्या चौघांत भास्कर बोरस्ते पुढे उजवीकडे होता. कालिंदीबाईंना त्या सकाळचं फार थोडं आठवत होतं, पण भास्करच्या शर्टाची उसवलेली शिवण आठवत होती.

आणि याच बोरस्त्यांच्या नावापुढे त्यांनी शेरा लिहिलेला होता. वीजबिलांवरून दोनशे चारची कमाल दोन पूर्णांक आठच्या आसपास यायला हवी होती. पेटीनं तीन पूर्णांक चार मोजले. 'फुगवटा. कारण तपासावे,' असं कालिंदीबाईंनी शेऱ्यात लिहिलं होतं. असे आणखी तीन फुगवटे होते, दोनशे एक, तीनशे दोन आणि ते इस्त्रीवाले तीनशे चार. कारण त्यांनी कधी तपासलं नाही. कारण उघड होतं. पण कोष्टक सूचनाफलकावर लागलं होतं आणि ते सगळ्यांनी वाचलं होतं.

जिना चढून वर येताना समोरच्या दारात सुनंदा बोरस्ते कोथिंबीर निवडत बसली होती.

"ऋजू आली म्हणे," ती म्हणाली. "बरी आहे ना?"

"बरी आहे."

"गीझरची पंचाईत असेल तर आमच्याकडे पाठवा अंघोळीला. आमच्याकडे काय, जास्तीची वीज आहे. फुगवलेली."

कालिंदीबाई कुलपात किल्ली फिरवत राहिल्या. "तुम्ही त्रास घेऊ नका," त्या म्हणाल्या.

"तुम्ही," सुनंदा कोथिंबिरीकडे बघत म्हणाली. "आधी अगं सुनंदा होते मी. शेऱ्यानंतर तुम्ही झाले."

*

घरात ऋजुताची बॅग पलंगावर उघडी होती. ती बसून कपडे भरत होती आणि प्रत्येक कपड्यानंतर थांबून दम घेत होती.

"निषादनं रविवारचं तिकीट काढलंय नागपूरचं," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणाल्या, गेलात तर याच आठवड्यात जा. पुढे प्रवास नको."

"सासूबाईंकडे?"

"त्यांच्याकडे एसी आहे, गरम पाणी आहे. त्या बोलावतायत कधीच्या. आई, मला तुझ्याकडेच राहायचं होतं. पण काल भात शिजायला पन्नास मिनिटं लागली, आणि तू घामानं डबडबून उभी राहून तो आकडा बघत होतीस. मला रडायला आलं. मी बाळ घेऊन त्या आकड्याखाली नाही राहू शकत."

"काहीतरी करते मी."

"काय करशील? तू तर कोणाला विचारणारही नाहीस."

ते खरं होतं. कालिंदीबाई खुर्चीत बसल्या. खोलीत पंखा चालू होता, फ्रिज चालू होता, आणि त्याखेरीज काहीही चालू करता येत नव्हतं. त्यांना वाटलं, भिंती त्यांनीच एकेक वीट मोजून बांधल्या होत्या, प्रत्येक वीट ओळंब्यात होती, आणि दार ठेवायचं राहून गेलं होतं. गुरुवार होता. रविवारला तीन दिवस.

"बाबा गेले तेव्हा तरी लोक न विचारता आले," ऋजुता घडी घालत म्हणाली. "मला त्या दिवसांतलं काहीच आठवत नाही. नुसतं पिठलं आठवतं."

"कसलं पिठलं?"

"सुनंदाकाकूंचं. आई, तू समोर ताट घेऊन बसायचीस. नागपूरची माणसं, तुझ्या ऑफिसची माणसं, पहिल्या पंगतीला चौदा जण होते एकदा. मी काकूंकडे डबे आणायला गेले तर तिथे दोन शेगड्या पेटलेल्या, एकीवर भात, एकीवर पिठलं, आणि बाजूला कुकर. त्या म्हणाल्या, आज आमची पाळी, उद्या शेजारच्यांची. वाटून घेतलं होतं त्यांनी."

कालिंदीबाई मग उठल्या आणि टॅब्लेट घेऊन आल्या.

पेटी काही विसरत नाही. चौदा महिन्यांपूर्वीही त्यांच्यापुढे फक्त कमाल आकड्यांची यादी होती. तारखा कधी उघडल्या नव्हत्या. त्यांनी दोनशे चारचा आलेख उघडला. एरवी महिनाभर एक शांत रेघ, सकाळी आणि संध्याकाळी छोटे चढ, कुठेच पावणेतीनच्या वर नाही. सात तारखेला सकाळी दहा पन्नासला ती रेघ सरळ वर गेली, तीन पूर्णांक चार, आणि चाळीस मिनिटं तिथेच राहिली. इतकी उंच त्या एकाच दिवशी. आठ तारखेला तोच चढ दोनशे एकमध्ये होता. नऊला तीनशे दोनमध्ये. दहाला तीनशे चारमध्ये, इस्त्रीच्याही वर. अकराला पुन्हा सुनंदाकडे, थोडा बुटका. असे तेरा दिवस, पाळीपाळीनं, आणि त्याच तेरा दिवसांत त्यांच्या स्वतःच्या आलेखावर जमिनीला चिकटलेली रेघ.

त्यांनी बेरीज केली. सहा दशांश, पाच दशांश, चार, तीन. एक पूर्णांक आठ. दोनशे तीनच्या चुलीचा भार कुठे गेला नव्हता. तो चार घरांत वाटला गेला होता, आणि पेटीनं तो त्या घरांच्या नावे लिहून घेतला होता.

त्यांनी त्याला फुगवटा म्हटलं होतं.

"आई?" ऋजुता म्हणाली. "काय झालं? पाणी देऊ?"

*

शुक्रवारी दुपारी कालिंदीबाई समोरच्या दाराशी उभ्या राहिल्या. सुनंदानं दार उघडलं, आत या म्हणाली नाही. आत भास्कर झोपला होता.

कालिंदीबाईंनी टॅब्लेट पुढे धरला आणि बोट ठेवलं. "हे सात तारखेचं. दहा पन्नास ते साडेअकरा."

"मग? पुन्हा चौकशी का?"

"हे पिठलं आहे," कालिंदीबाई म्हणाल्या.

सुनंदानं आलेखाकडे पाहिलं. पदराला हात पुसून टॅब्लेट हातात घेतला, डोळ्यांपासून लांब धरला.

"भातपण," ती म्हणाली. "आणि तुमच्या नणंदेला लसूण चालत नाही म्हणून तिचं वेगळं."

"मला माहीत नव्हतं."

"समोर बसून जेवत होतात, काकू."

"हो."

"तुम्ही चवीला बरं लागलं का तेही सांगितलं नाहीत, ते चालतं हो, माणूस गेलं होतं घरातलं. पण वर्षभर तुम्ही मला चोर समजत होतात. ह्यांना खाली लोक विचारायचे, काय भास्करशेठ, किती फुगवलंत. हे म्हणायचे, जाऊ दे, बाईंना सांगू नको, त्यांना लागेल."

कालिंदीबाई आलेखाकडे बघत राहिल्या. काय म्हणायचं ते त्यांनी जिना ओलांडताना दोनदा मनात म्हणून पाहिलं होतं. त्यातलं काहीच आता उपयोगाचं नव्हतं.

"मापनात चूक निघाली तर एका घराचा भार दुसऱ्या घरावर परत टाकता येतो," त्या म्हणाल्या. "दोन्ही घरांची सही लागते. तुमचे... तुझे सहा दशांश. पॉइंटला धक्का लागत नाही. तुझी कमाल मात्र पूर्वीइतकी होईल. मी मागायला आले आहे."

सुनंदा चौकटीला टेकली. "ऋजूसाठी?"

"हो."

"स्वतःसाठी नसता आलात."

"नाही."

"सही देते," सुनंदा म्हणाली. "पण आधी तो शेरा खोडा."

"खोडता येत नाही. कोणीच खोडू शकत नाही. मीच तसं करून घेतलंय."

"वा."

"खाली दुसरा लिहिता येतो."

"मग लिहा. इथेच. माझ्यासमोर."

कालिंदीबाई दाराबाहेर, सुनंदा दाराच्या आत. मध्ये उंबरा. त्यांनी दोनशे चारपुढचा रकाना उघडला आणि एका बोटानं अक्षरं टिपायला सुरुवात केली. सवयीनं त्यांनी आधी लिहिलं, 'सदर वाढ तात्पुरत्या स्वरूपाची असून'. मग ते पुसलं. 'कारण' अशी पाटी तिथे अजून होतीच. त्यांनी लिहिलं, 'फुगवटा नाही. फ्लॅट २०३ मधील श्रीधर गर्गे वारले होते. त्या घरात चूल बंद होती. या घराने त्यांच्यासाठी स्वयंपाक केला.' वारले हा शब्द त्यांनी चौदा महिन्यांत कुठेच लिहिला नव्हता. बँकेचे अर्जसुद्धा ऋजुतानं भरले होते.

सुनंदानं वाचलं. "चौदा माणसांचा," ती म्हणाली. "आकडा घाला. तुम्हाला आकड्याशिवाय खरं वाटत नाही."

कालिंदीबाईंनी आकडा घातला. सुनंदानं अंगठा टेकवला.

"माझ्या सूनबाईला ओव्हन घ्यायचा होता दिवाळीला," टॅब्लेट परत देत ती म्हणाली. "आता नाही घेता येणार. हे मी ऐकवणार तुम्हाला दर दिवाळीला. सांगून ठेवते."

"ऐकव."

दोनशे एक आणि तीनशे दोन यांच्या सह्या संध्याकाळपर्यंत झाल्या. त्यांच्याही रकान्यांत तीच ओळ गेली. तीनशे चारचं घर मात्र आता विकलं गेलं होतं. नव्या मालकांनी सगळं नीट ऐकून घेतलं, आलेख पाहिला, आणि म्हणाले, आम्ही नव्हतो हो तेव्हा, आम्हाला तीन दशांश मोजून दिलेत घरासोबत. ते चुकीचं बोलत नव्हते. कालिंदीबाई आभार मानून खाली आल्या. दोन पूर्णांक पंचवीस. गीझर चालेल, एसी चालेल, दोन्ही एकदम चालणार नाहीत. अजून पाच वर्षं दहा महिने.

*

रविवारी सकाळी बॅग पलंगाखाली होती. तिकीट निषादनं रद्द केलं होतं. ऋजुता अंघोळीला गेली आणि आतून तिनं गीझरचं बटण लावलं.

पट्टीवरचा आकडा चढू लागला. सहा दशांश. एक पूर्णांक दोन. कालिंदीबाई स्वयंपाकघरात होत्या. त्यांचा हात, त्यांना न विचारता, फ्रिजच्या बटणाकडे गेला.

दोन पूर्णांक शून्य आठ. आकडा हिरवाच राहिला.

"आई," आतून ऋजुता म्हणाली, "फ्रिज बंद केलास?"

त्यांचं बोट बटणावर होतं. मागे फ्रिज मंद घरघरत होता. नळाचं पाणी बादलीत पडायला लागलं, आणि न्हाणीघराच्या दाराच्या फटीतून वाफ बाहेर आली.

"नाही," कालिंदीबाई म्हणाल्या, आणि हात खाली घेतला. पण नजर त्यांनी पट्टीवरून काढली नाही, पाणी थांबेपर्यंत.